बटणाच्या पोटात हिशोब ठेवू नका



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय बघून काही जणांना वाटलं असेल, की सर आज धंदा सोडून एकदम कॉम्प्युटर क्लासमध्ये कुठे शिरले! पण विषय धंद्याचाच आहे. आपल्याकडे येणाऱ्या मंडळींमध्ये दोन गट आहेत. एक गट दुकान, वर्कशॉप, मेडिकल, कृषी सेवा केंद्र सुरू करणाऱ्यांचा. रेडिमेड सॉफ्टवेअर आपल्या कामात बसत नाही म्हणून हे लोक ओळखीच्या मुलाकडून बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवून घेतात. दुसरा गट त्या ओळखीच्या मुलांचाच. बीसीए, बीसीएस, डिप्लोमा झालेला असतो, पुण्याला जायचं नसतं, आपल्याच तालुक्यात दुकानांना सॉफ्टवेअर देऊन पोट भरायचं असतं. मला हे दोन्ही गट आवडतात. पण यांची भांडणं ठरलेल्या जागी होतात, आणि ती जागा म्हणजे चुकलेलं बिल. व्हिडिओत पंधरा मिनिटांत आकडे नीट मांडता येत नाहीत, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या सॉफ्टवेअरमधून पैशांचा हिशोब निघतो, त्यातला हिशोबाचा कोड स्क्रीनपासून वेगळा काढलेला पाहिजे, आणि त्या हिशोबाला युनिट टेस्ट असल्याच पाहिजेत. बनवून घेणार असाल तर त्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. बनवून विकणार असाल तर त्याशिवाय दुसऱ्या दुकानात इन्स्टॉल करू नका. पहिल्या दुकानात एक वेळ चालून जाईल, कारण तिथे तुम्ही रोज चहाला जाता.

युनिट टेस्ट म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुमच्या दुकानातला वजनकाटा पासिंगला जातो ना? वैधमापन खात्याचे निरीक्षक काय करतात? काट्याचा रंग बघत नाहीत, कंपनीचं नाव बघत नाहीत. प्रमाणित वजन ठेवतात आणि काटा किती दाखवतो ते बघतात. ५ किलो ठेवलं, ५ किलोच दिसलं पाहिजे. युनिट टेस्ट हेच करते. माहीत असलेला आकडा आत टाकायचा, माहीत असलेलं उत्तर बाहेर येतंय का बघायचं, आणि हे बघायचं काम माणसाने नाही, छोट्या प्रोग्रामने करायचं. अशा दोनशे टेस्ट काही सेकंदांत चालतात. सगळ्या पास झाल्या तर हिरवं, एक जरी चुकली तर लाल. गंमत बघा, दहा ग्रॅमची चूक पकडायला सरकारी खातं आहे, पण तेच वजन घेऊन त्याचे पैसे करणाऱ्या सॉफ्टवेअरला पासिंग कोणी करत नाही. ते आपलं आपणच करायचं असतं.

आता मुद्दा बटणाचा.

डेस्कटॉप सॉफ्टवेअर कसं बनतं ते बघा. डेव्हलपर स्क्रीनवर एक फॉर्म घेतो, त्यावर चार चौकोन ओढून ठेवतो, खाली एक ‘सेव्ह’ बटण ठेवतो. त्या बटणावर डबल क्लिक केलं की कोड लिहायची खिडकी उघडते, आणि कर्सर बरोबर तिथेच टिमटिमत असतो. १९९८ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये हे असंच होतं, नंतरच्या डॉट नेटच्या विनफॉर्म्समध्ये असंच आहे, जावाच्या नेटबीन्समध्येही असंच. म्हणजे टूलच तुमचं बोट धरून तुम्हाला चुकीच्या जागी नेऊन सोडतं. मग नवा मुलगा सगळं तिथेच लिहितो. चौकोनातून किंमत वाचायची, सूट वजा करायची, कर लावायचा, बिल नंबर काढायचा, डेटाबेसमध्ये टाकायचं, प्रिंट मारायची, मध्येच ‘स्टॉक शिल्लक नाही’ असा मेसेज बॉक्स दाखवायचा. एका बटणाच्या पोटात चारशे ओळी.

आता याला टेस्ट कशी लिहिणार? त्यातला फक्त कराचा हिशोब तपासायचा म्हटलं तरी आधी फॉर्म उघडायला हवा, चौकोनात आकडे टाकायला हवेत, बटण दाबायला हवं, डेटाबेस चालू हवा, प्रिंटर जोडलेला हवा. आणि मध्येच तो मेसेज बॉक्स आला, की टेस्ट तिथेच थांबून राहते, कारण ‘ओके’ दाबायला रात्री तिथे कोणी बसलेलं नसतं. म्हणून मुलं म्हणतात, “सर, डेस्कटॉपच्या ॲपला युनिट टेस्ट होत नाही.” होते. पण बटणाच्या पोटातल्या कोडला होत नाही, हे त्यांचं बरोबर आहे.

उपाय जुना आहे. मायकल फेदर्स नावाच्या प्रोग्रामरने २००२ मध्ये ‘हम्बल डायलॉग बॉक्स’ या नावाने तो मांडला. हम्बल म्हणजे नम्र, गरीब बिचारा. स्क्रीन इतकी गरीब करून टाकायची, की तिच्यात चुकायला काही उरतच नाही. तिने फक्त विचारायचं आणि दाखवायचं. अक्कल सगळी दुसऱ्या फाईलमध्ये, जिला स्क्रीन कशी असते हेच माहीत नाही. एमव्हीपी, एमव्हीव्हीएम या पद्धतीही याच विचाराच्या. नावं सोडा. आपल्या भाषेत सांगायचं तर काउंटरवरचा पोऱ्या आणि आत बसलेला मुनीम. पोऱ्या गिऱ्हाइकाशी बोलतो, माल दाखवतो, चिठ्ठी आत देतो. हिशोब मुनीम करतो, आणि त्याला काउंटरला कुठला रंग दिलाय याच्याशी घेणंदेणं नसतं. मुनिमाची परीक्षा घ्यायला दुकान उघडावं लागत नाही. त्याला घरी गाठून विचारता येतं, “२,८०० चा शर्ट, १५ टक्के सूट, कर किती?”

हा प्रश्न मी उगाच निवडलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक मालासाठी गेले, हे तुम्हाला माहीत आहे. तयार कपड्यांचं असं झालं, की एका नगाची विक्री किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यापेक्षा जास्त असेल तर १८ टक्के. आधी ही मर्यादा १,००० रुपये होती आणि तिच्या वर १२ टक्के होते. आता आपला २,८०० चा शर्ट. सूट जाऊन २,३८० उरतात. दर ५ टक्के, कर ११९ रुपये. पण कोडमध्ये आधी दर ठरवला आणि मग सूट वजा केली, तर दर १८ टक्के लागतो आणि कर होतो ४२८ रुपये ४० पैसे. फरक ३०९ रुपये ४० पैसे, एका शर्टावर! क्रम बदलला, बाकी काही नाही. स्क्रीन दोन्ही वेळा तितकीच सुंदर दिसते.

आणि हीच चूक उलटी झाली तर? गिऱ्हाइकाकडून कर कमी घेतला गेला, तर उरलेला तुमच्या खिशातून जातो. जास्त घेतला तर तो तुम्ही ठेवू शकत नाही, कर म्हणून जे वसूल केलं ते सरकारला भरावंच लागतं. शिवाय गिऱ्हाईक हुशार असेल तर दुकानात येऊन बिल टेबलावर आपटतं ते वेगळंच. शेठचा विश्वास उडतो तो इथे. आणि शेठ डेव्हलपरला फोन करून “अहो, जरा बघता का” असं म्हणत नाहीत. काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या एका नियमासाठी किती टेस्ट लागतात बघा. २,४९९ ला ५. २,५०० ला बरोबर ५, कारण नियम ‘पेक्षा जास्त’ असा आहे. २,५०१ ला १८. सुटीनंतर मर्यादेच्या खाली येणारा नग. दोन नग मिळून ४,००० चं बिल, पण प्रत्येकी २,०००, म्हणजे ५ च. २१ सप्टेंबर २०२५ च्या तारखेला १,५०० चा नग, जुना दर १२. २२ तारखेला तोच नग, ५. सात टेस्ट झाल्या, अर्ध्या तासाचं काम. या सात टेस्ट हाताने तपासायच्या म्हटल्या तर प्रत्येक वेळी सात बिलं बनवायची, पीसीची तारीख मागे-पुढे करायची. एकदा करता, दोनदा करता, तिसऱ्यांदा कंटाळा येतो. कंटाळा आला की चूक त्याच दिवशी शिरते.

इथे तारखेची एक बारीक गोष्ट, डेव्हलपर मित्रांसाठी. हिशोबाच्या फंक्शनने आजची तारीख स्वतः जाऊन कॉम्प्युटरच्या घड्याळात बघू नये. तारीख तिला बाहेरून द्यावी, जशी किंमत देता तशी. मग टेस्टमध्ये ३१ मार्च द्या, १ एप्रिल द्या, २९ फेब्रुवारी द्या. नवीन आर्थिक वर्षात बिल नंबरची मालिका नवी सुरू करायची असते, नंबर वर्षभरात पुन्हा यायला नको, आणि नियमाप्रमाणे तो १६ अक्षरांपेक्षा मोठा नको. बिल नंबरमध्ये दुकानाचं नाव, शाखा, वर्ष सगळं कोंबणारे लोक मी पाहिलेत. पहिल्या ९९९ बिलांपर्यंत बसतं, हजारावं बिल निघालं की सतरावं अक्षर येतं. एक टेस्ट लिहून ठेवली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

आता पैशांकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे. कॉम्प्युटरला दशांश अपूर्णांक नीट लिहिता येत नाहीत, हे शाळेत कोणी सांगत नाही. साध्या ‘डबल’ प्रकारात ०.१ दहा वेळा मिळवा, उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. म्हणजे दहा पैसे दहा वेळा टाकले तरी रुपया होत नाही! स्क्रीनवर ‘१.००’ दिसतं, कारण स्क्रीन गोल करून दाखवते. पण आत कोडने विचारलं, की जमा आणि बिल सारखं आहे का, तर उत्तर येतं ‘नाही’. संध्याकाळी कॅश टॅली होत नाही आणि काउंटरवरच्या मुलावर संशय जातो. त्या मुलाचा विचार करा. यावर औषध आहे. पैशांसाठी डेसिमल प्रकार वापरा, जावामध्ये बिगडेसिमल आहे, किंवा सरळ पैशांत पूर्णांक ठेवा. पण औषध दिलंय की नाही हे स्क्रीन बघून कळत नाही. टेस्टने कळतं.

राउंड ऑफचं तर विचारूच नका. १,०४२ रुपये ५० पैशांचं बिल पूर्ण रुपयात किती? आपण सगळे म्हणू १,०४३. जीएसटी कायद्याचं कलम १७० सुद्धा करासारख्या रकमांसाठी हेच सांगतं, ५० पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया. एक्सेलच्या सूत्रात टाका, १,०४३. पण सी शार्पचं नेहमीचं मॅथ राउंड, पायथॉनचं राउंड, जुन्या व्हिज्युअल बेसिकचं राउंड, हे सगळे सांगतील १,०४२. आणि १,०४३.५० दिलं तर सांगतील १,०४४. कारण अर्धा आला की ते जवळच्या सम संख्येकडे जातात. हा काही बग नाही, त्या भाषांनी मुद्दाम तसं ठेवलंय, सांगितलं तर दुसऱ्या पद्धतीने करतातही. पण सांगायला आधी माहीत पाहिजे. डेव्हलपर बनवतो सी शार्पमध्ये, अकाउंटंट तपासतो एक्सेलमध्ये, आणि दोघं एकमेकांना मूर्ख समजतात.

अजून एक उदाहरण देतो, मग पुढे जाऊ. करासह १०० रुपये किमतीची वस्तू, दर १८ टक्के. मूळ किंमत काढली, ८४ रुपये ७५ पैसे. त्यावर ९ टक्के केंद्राचा कर ७.६३, ९ टक्के राज्याचा ७.६३. बेरीज करा. १०० रुपये १ पैसा. पॅकवर १०० छापलंय आणि बिल एक पैसा जास्त. हा पैसा कुठे जिरवायचा हे डेव्हलपरने ठरवायचं नाही, तुमच्या सीएंनी ठरवायचं. ठरलं, की ती एक टेस्ट झाली.

हे वाचून कोणी म्हणेल, “सर, एवढ्याने काय होतंय, फोन आला की दुरुस्त करून देऊ.” वेब ॲपवाल्याने असं म्हटलं तर मी थोडं तरी ऐकून घेईन. त्याचा सर्व्हर एक, दुरुस्ती एकदा, सगळ्या गिऱ्हाइकांना लगेच. डेस्कटॉपवाल्याला ही चैन नाही. आपल्याकडच्या दुकानांत डेस्कटॉपच का चालतं, याला कारणं आहेत. नेट जातं, थर्मल प्रिंटर आणि बारकोड स्कॅनर जोडलेले असतात, आणि शेठना आपला डेटा आपल्याच टेबलाखाली हवा असतो. पण त्याची किंमत अशी, की चूक चाळीस दुकानांत गेली तर ती चाळीस ठिकाणी जाऊन काढावी लागते. समजा एका दुकानाला रिमोटने जोडायला, बॅकअप घ्यायला, अपडेट टाकायला आणि शेठशी बोलायला ४० मिनिटं लागली. ४० दुकानं म्हणजे १,६०० मिनिटं, २६ तास ४० मिनिटं. तीन दिवस गेले, एका ओळीच्या दुरुस्तीला! आणि ते तीन दिवस एएमसीमध्ये धरलेले, म्हणजे फुकट. या धंद्यात नफा एएमसीत असतो आणि तो एएमसीतच बुडतो.

आपल्याकडून ट्रेनिंग घेतलेला एक मुलगा कपड्यांच्या दुकानांना सॉफ्टवेअर देतो. काम चांगलं, बोलणं चांगलं, दुकानदार त्याला घरच्यासारखं वागवतात. दर बदलले तेव्हा त्याने दोन रात्री जागून अपडेट तयार केलं. १,००० ची मर्यादा त्याच्या कोडमध्ये सात फॉर्मवर लिहिलेली होती: बिल, कोटेशन, बारकोड लेबल, असं करत करत. त्याने सहा ठिकाणी बदलली. सातवा राहिला तो माल परतीचा फॉर्म, कारण तो रोज कोणी उघडत नाही. दसरा-दिवाळीची गर्दी. गिऱ्हाइकाने घेतलेलं १,८०० चं जॅकेट ५ टक्क्यांनी विकलं गेलं, कर ९० रुपये. परत आलं तेव्हा क्रेडिट नोट निघाली १२ टक्क्यांनी, कर २१६. दर परतीला दुकानदाराचे १२६ रुपये गेले. एका दुकानातल्या अकाउंटंट ताईंनी महिनाअखेरीला पकडलं. तोवर किती दुकानांत किती परती झाल्या, हे शोधायला त्या मुलाची दिवाळी गेली.

या मुलाला मी आळशी म्हणणार नाही, दोन रात्री जागलेला माणूस आळशी नसतो. पण सात फॉर्मवर एकच नियम सात वेळा लिहिलेला असेल, तर जागून काही उपयोग नाही. मुनीम एकच ठेवायचा. सातही फॉर्मने त्यालाच विचारायचं. मग बदल एकाच जागी, टेस्ट एकाच जागी. नंतर त्याने तेच केलं, आणि ते करायला त्याला नऊ दिवस लागले. नऊ दिवस कमी नाहीत, हेही सांगतो, कारण टेस्ट म्हणजे फुकट मिळणारी गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. टूल्स फुकट आहेत. डॉट नेटला एनयुनिट आणि एक्सयुनिट, पायथॉनला पायटेस्ट, जावाला जेयुनिट, जे १९९७ मध्ये केंट बेक आणि एरिक गामा या दोघांनी विमानप्रवासात लिहायला घेतलं होतं. पण वेळ तुमचा जातो. तो कोटेशनमध्ये धरा. गिऱ्हाइकाला ‘युनिट टेस्टिंगचे पाच हजार’ असं लिहून देऊ नका, त्याला कळणार नाही आणि तो पहिली काट तिथेच मारेल. आपण इडलीच्या बिलात गॅसचे पैसे वेगळे लावतो का?

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांबद्दल. काही मुलं कोर्स करून येतात आणि म्हणतात, सगळ्याला टेस्ट पाहिजे, शंभर टक्के. मग पायविनऑटो किंवा फ्लायूआयसारखं टूल घेऊन रोबोटकडून स्क्रीनवर क्लिक करून घेतात. माउस आपोआप फिरताना बघायला मजा येते, व्हिडिओ काढायला तर फारच छान. पण बटणाचं नाव बदललं की टेस्ट मोडते, वेगळ्या पीसीवर विंडो उशिरा उघडली की मोडते, आणि दोनशे बिलांना काही सेकंदांऐवजी बराच वेळ लागतो. चार वेळा उगाच लाल दिसलं, की पाचव्यांदा कोणी लक्ष देत नाही. मी म्हणेन, एकट्या माणसाच्या धंद्यात अशा टेस्ट दोन-तीनच ठेवा. ॲप उघडतंय, एक बिल सेव्ह होतंय, बस. बाकी जोर मुनिमावर.

पण मग स्क्रीन कोण तपासणार? माणूस. आणि इथे युनिट टेस्टची मर्यादा मान्य केली पाहिजे. बारकोड स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्डसारखाच दिसतो, आणि साधारणपणे कोड टाकून झाला की शेवटी ‘एंटर’ पाठवतो. फॉर्मवर ‘एंटर म्हणजे सेव्ह’ असं ठेवलेलं असेल, तर पहिली वस्तू स्कॅन करताच बिल बंद! अशा वेळी दोनशे टेस्ट हिरव्या असतात आणि काउंटरवर बोंबाबोंब. हे पकडायला स्कॅनर हातात घेऊन, काउंटरवरच्या मुलाला खुर्चीत बसवून, सलग तीस वस्तू मारून बघावं लागतं. टॅब दाबल्यावर कर्सर कुठे जातो, चष्मा नसताना आकडा वाचता येतो का, लाईट जाऊन आली की अर्धवट बिलाचं काय होतं, हे सगळं माणसाचं काम आहे. टेस्टमुळे एवढंच होतं, की या तपासणीच्या वेळी तो माणूस बेरजा करत बसत नाही.

प्रिंटरचं मात्र टेस्टमध्ये करता येतं, आणि ते मला फार आवडतं. खऱ्या प्रिंटरच्या जागी खोटा प्रिंटर जोडायचा, म्हणजे प्रिंटर असल्याचं सोंग करणारा दहा ओळींचा कोड. त्याला सांगायचं, ‘कागद संपला’ असं ओरड. मग बघायचं, बिल सेव्ह झालं का? स्टॉक एकदाच कमी झाला का, की पुन्हा प्रिंट मारल्यावर दुसऱ्यांदा कमी झाला? नंबर पुढे सरकला का? दुकानात कागद संपायचाच. तो पहिल्यांदा तुमच्या टेस्टमध्ये संपलेला बरा, शनिवारी संध्याकाळी सात वाजता नको.

आता सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्यांसाठी. तुमच्या धंद्याला रेडिमेड सॉफ्टवेअर चालत असेल तर तेच घ्या, हे माझं मत मी अनेक व्हिडिओंत सांगितलंय आणि बदललेलं नाही. पण बनवून घेणारच असाल, तर तुम्हाला कोड वाचता येत नाही म्हणून गप्प बसू नका. टेस्टमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग तुमच्याकडेच आहे, तो म्हणजे बरोबर उत्तर. तुमच्या जुन्या बिलांतून वीस अवघड बिलं काढा. सूट असलेलं, परतीचं, दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकाचं, वजनावर विकलेलं, एकावर एक फ्री असलेलं. ती सीएंकडून तपासून घ्या, उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि ॲडव्हान्सच्या चेकसोबत द्या. सांगा, “या वीस बिलांच्या टेस्ट मला चालवून दाखवायच्या. आणि पुढे प्रत्येक अपडेट टाकायच्या आधी पुन्हा चालवायच्या.” कपड्यांचं दुकान असेल तर एक प्रश्न सीएंना नक्की विचारा: टॅगवर करासह किंमत छापलेली असेल, तर २,५०० ची मर्यादा नेमकी कोणत्या आकड्याला लावायची, ते उदाहरण घालून लिहून द्या. डेव्हलपरला हे आपोआप कळेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि त्याने अंदाजाने ठरवलं तर ते चालवूनही घेऊ नका.

एका लबाडीकडे लक्ष ठेवा. बऱ्याचदा ती लबाडी नसते, घाई असते. डेव्हलपर सॉफ्टवेअरमध्ये बिल बनवतो, जे उत्तर येतं तेच टेस्टमध्ये ‘बरोबर उत्तर’ म्हणून लिहितो. मग टेस्ट पास होणारच! काटा जे दाखवतो तेच वजन मानलं, तर काटा कधी चुकणार? म्हणून उत्तर बाहेरून यायला हवं, कागदावर, हिशोब जाणणाऱ्या माणसाच्या हातचं. आणि टेस्ट दाखवताना त्याला एक विनंती करा. “दादा, आता तो दर पाचाचा सहा करा आणि परत चालवा.” लाल झालं पाहिजे. नाही झालं, तर ती टेस्ट नाही, हिरवा रंग आहे.

राहिला प्रश्न ज्यांचं सॉफ्टवेअर आधीच पंचवीस-तीस दुकानांत चालू आहे आणि सगळा हिशोब बटणांच्या पोटात आहे त्यांचा. सगळं मोडून नव्याने लिहायला बसू नका. मी असे तीन जण पाहिलेत, दोघांचं नवं व्हर्जन कधी आलंच नाही. एकच बटण घ्या. ज्या बटणाबद्दल सगळ्यात जास्त फोन येतात ते. त्यातला फक्त कराचा आणि राउंड ऑफचा भाग उचलून वेगळ्या फाईलमध्ये ठेवा, त्याला सात-आठ टेस्ट लिहा, आणि बटणाला तिथून उत्तर आणायला लावा. मेसेज बॉक्स त्या नव्या फाईलमध्ये येऊ देऊ नका. तिने फक्त कारण परत द्यावं, दाखवायचं काम स्क्रीनचं. यापुढे दुकानातून चुकीचा फोन आला, की दुरुस्तीला हात लावण्याआधी ती चूक दाखवणारी टेस्ट लिहायची, ती लाल झालेली बघायची आणि मग कोड सुधारायचा. ती चूक दुसऱ्यांदा आली तर आता दुकानाआधी तुम्हाला कळेल. दोन-तीन महिन्यांत हिशोबाचा बराच भाग मुनिमाकडे गेलेला असेल.

सुरुवात कुठून करायची हे विचाराल, तर माल परतीच्या फॉर्मपासून करा. तो उघडा आणि मागच्या वर्षी १५ सप्टेंबरला विकलेला नग आज परत घेऊन बघा, क्रेडिट नोटवर विकताना लावलेलाच दर येतोय का ते.